चाल एकाची, बोल दुसऱ्याचे

मनुष्याला आपल्या अज्ञानाचा शोध बहुधा घरींच लागतो, आणि तो लावून देणारें माणूस बहुधा घरांत वयानें सर्वांत लहान असतें. गेल्या पावसाळ्यांतील गोष्ट. बाहेर पावसाची झड लागली होती आणि घरांतील मंडळी 'द साउंड ऑफ म्यूझिक' हा १९६५ चा इंग्रजी बोलपट पुन्हां एकदां पाहत बसली होती. त्यांतील कॅप्टन गिटार घेऊन 'एडेलवाइस' हें लहानसें गीत गाऊं लागला, तेव्हां आम्हीं आमच्या नातीस मोठ्या ऐटींत सांगितलें, "हें ऑस्ट्रिया देशांतलें जुनें लोकगीत बरें का! डोंगरावर फुलणाऱ्या एका पांढऱ्या फुलावर तिकडच्या धनगरांनीं केव्हां तरी रचलेलें." नात त्या वेळीं कांहीं बोलली नाहीं. थोड्या वेळानें मात्र जवळ येऊन हळूच म्हणाली, "आजोबा, तें लोकगीत नाहींच. न्यूयॉर्कच्या दोन माणसांनीं १९५९ सालीं नाटकासाठीं केलेलें आहे. आणि त्याचे शब्द लिहिणारे पुढच्याच वर्षीं वारले."

आम्हीं पुस्तकें काढून पाहिलीं. पोरीचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. चाल रिचर्ड रॉजर्स याची आणि शब्द ऑस्कर हॅमरस्टाइन याचे. हॅमरस्टाइननें लिहिलेलें हें अखेरचें गीत. नोव्हेंबर १९५९ मध्यें नाटक न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आलें आणि २३ ऑगस्ट १९६० रोजीं तो कर्करोगानें वारला. मरणाच्या दारांत असतां लिहिलेलें गीत इतकें साधें, इतकें निर्मळ उतरलें कीं, जगांतील आमच्यासारख्या हजारों शहाण्यांनीं तें कोणीच लिहिलेलें नाहीं असें ठरवून टाकलें! कवीचा याहून मोठा गौरव तो कोणता, आणि याहून मोठा अन्याय तरी कोणता? ही चूक केवळ माहितीच्या अभावाची असती तर आम्ही ती हंसून विसरलों असतों. परंतु तिनें आमच्या मनांतील एका जुन्या व्रणावरची खपली काढली. तो व्रण कोणता, तें क्रमानें सांगूं.

रंगभूमीवरील गीताला निदान तीन धनी असतात: शब्द लिहिणारा, चाल बांधणारा आणि गाणारा. लोक मात्र हिशेबाला सोपें जावें म्हणून एकच नांव लक्षांत ठेवतात, आणि तें बहुधा गाणाऱ्याचें असतें. आमच्याकडे 'मानापमान' १९११ सालीं रंगभूमीवर आलें. पदें लिहिलीं खाडिलकरांनीं, चाली दिल्या गोविंदराव टेंब्यांनीं. पण घरोघर त्यांतलीं कितीतरी पदें ओळखलीं जातात तीं बालगंधर्वांचीं म्हणून. त्याच १९११ सालीं तिकडे अमेरिकेंत अर्व्हिंग बर्लिन याच्या 'अलेक्झांडर्स रॅगटाइम बँड' या गीतानें सारें न्यूयॉर्क वेडें करून सोडलें होतें. या दोन घटनांचा परस्परांशीं कांहीं संबंध नाहीं. परंतु गाण्याचें श्रेय कोणास द्यावें हा तंटा दोन्हीकडे सारखाच आहे, आणि अमेरिकेंत त्याचा इतिहास तपशीलवार लिहिलेला असल्यामुळें तो तेथें अधिक स्पष्ट दिसतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या अठ्ठाविसाव्या रस्त्यावर संगीत छापणाऱ्या प्रकाशकांचीं दुकानें दाटीनें उभीं राहिलीं. उघड्या खिडक्यांतून अनेक पियानो एकदम वाजूं लागले कीं पत्र्याचीं भांडीं बडविल्यासारखा गलका होई. म्हणून लोकांनीं त्या भागाला 'टिन पॅन ॲली', म्हणजे पत्र्याच्या भांड्यांची गल्ली, असें नांव दिलें. तेव्हां रेडिओ नव्हता. गाणें खपे तें छापील कागदावर, आणि तो कागद घरच्या पियानोवर ठेवून बायकामुलें तें वाजवीत. गिऱ्हाइकाला गाणें ऐकवून कागद त्याच्या गळ्यांत बांधण्यासाठीं दुकानांत पोरें नेमलेलीं असत. जॉर्ज गर्श्विन पंधराव्या वर्षीं शाळा सोडून अशाच एका प्रकाशकाकडे नोकरीस लागला. या धंद्यांत शिरलेले पुष्कळजण रशियांतून आणि पूर्व युरोपांतून परागंदा झालेल्या ज्यू कुटुंबांतले होते. बर्लिन तर १८९३ मध्यें पांच वर्षांचा असतां आईबापांबरोबर बोटीनें आला. बाप प्रार्थनामंदिरांत स्तोत्रें गाणारा. तो लवकर वारला, आणि पोरगा गाणारा वाढपी म्हणून खाणावळींत पोट भरूं लागला. त्याला स्वरलिपि लिहितां वाचतां येत नसे. पियानोच्या बहुतेक काळ्या पट्ट्यांवरच तो वाजवी, आणि पट्टी बदलावयाची झाली तर खास बनवून घेतलेल्या पियानोची कळ फिरवी. तरी शब्द त्याचे आणि चालही त्याचीच! ज्या देशानें त्याला ठाव दिला त्या देशाच्या कल्याणाची प्रार्थना त्यानें गीतांत घातली. १९१८ मध्यें लिहून बाजूस ठेवलेलें तें गीत १९३८ मध्यें नव्यानें पुढें आलें, आणि त्याचें उत्पन्न त्यानें बालवीर संस्थांना देऊन टाकलें. १९८९ मध्यें तो वारला तेव्हां त्याचें वय १०१ वर्षांचें होतें. बर्लिन आणि कोल पोर्टर यांच्यासारख्या दोन्ही हातांनीं धनुष्य ओढणाऱ्या सव्यसाचींची गोष्ट निराळी. त्यांच्या बाबतींत श्रेयाचा तंटा उत्पन्नच होत नाहीं. तो होतो जोड्यांच्या बाबतींत.

या गीतांचा सांचा मोठा आटोपशीर असे. बहुतेकांचें मुख्य अंग बत्तीस 'बार'चें, म्हणजे बत्तीस लहान आवर्तनांचें. त्याचे आठ आठ बारांचे चार तुकडे. पहिल्या दोन तुकड्यांत एकच चाल, तिसऱ्यांत आपल्या अंतऱ्याप्रमाणें ती दुसरीकडे वळते आणि चौथ्यांत पुन्हां मुखड्यावर येते. एवढ्याशा अंगणांत प्रेम, विरह, दारिद्र्य, देशभक्ति सारें मावलें पाहिजे. त्यांतही पुष्कळ वेळां चाल आधीं तयार होई आणि कवीला ती ऐकून तिच्या प्रत्येक स्वराला एक अक्षर शोधावें लागे. इंग्रजी भाषेंत शब्दाच्या ठराविक अवयवावरच आघात पडतो. तो आघात स्वराच्या आघातावर बसला नाहीं तर अर्थाचा अनर्थ होतो. लांबविलेल्या स्वराखालीं मोकळें अक्षर हवें. हॅमरस्टाइननें १९४५ च्या 'कॅरोझेल' नाटकांतील एका गीताचा शेवट 'टॉक' या शब्दानें केला. शेवटचा 'क' तोंड मिटून टाकणारा. गाणारीचा आवाज तेथें मोकळा सुटेना. तें गीत इतरांइतकें लोकप्रिय झालें नाहीं, याचें खापर त्यानें पुढें आपल्याच डोक्यावर फोडून घेतलें. एका व्यंजनाची जबाबदारी स्वतःवर घेणारे लेखक आमच्या पाहण्यांत फार नाहींत!

याच हॅमरस्टाइननें जेरोम केर्न या संगीतकाराबरोबर 'शो बोट' हें नाटक लिहिलें. २७ डिसेंबर १९२७ रोजीं तें न्यूयॉर्कांत झालें आणि तेथपासून अमेरिकन संगीत नाटकाला गंभीर वळण लागलें. त्यांतलें 'ओल मॅन रिव्हर' हें मिसिसिपी नदीवरील गीत पुष्कळांना निग्रो हमालांचें जुनें पारंपरिक गीत वाटतें. एक कथा अशी सांगतात कीं, एका मेजवानींत कोणी केर्ननें काय सुंदर गाणें लिहिलें म्हणून वाखाणणी केली, तेव्हां हॅमरस्टाइनची पत्नी म्हणाली कीं केर्ननें लिहिलें तें नुसतें 'डम डम डम डम'. बाकीचें माझ्या यजमानांनीं लिहिलें. कथा घडलेली असो कीं रचलेली असो, तिच्यांत एका घराची कित्येक वर्षांची खंत भरलेली आहे.

परंतु हा हिशेब येथेंच पुरा होत नाहीं. केर्न आणि हॅमरस्टाइन हे दोघेही गोरे. ज्यांच्या श्रमाचें तें गीत, त्यांनीं तें लिहिलेलें नव्हतें. पॉल रोबसन या थोर कृष्णवर्णी गायकानें तें १९२८ मध्यें लंडनच्या रंगभूमीवर आणि १९३६ च्या बोलपटांत गाइलें. पुढें मात्र आपल्या मैफलींत त्यानें त्यांतील हताशपणाचे शब्द बदलून झुंजण्याचे शब्द घातले. जणूं काय उसनें नेलेलें धन मूळ धन्यानें आपल्या हातानें दुरुस्त करून परत घेतलें! वस्तुतः या साऱ्या गीतांच्या तालांत आणि स्वरांत रॅगटाइम व ब्लूज यांचें, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या संगीताचें, ऋण आहे. त्यांच्यांतील यूबी ब्लेक आणि नोबल सिसल यांनीं १९२१ मध्यें 'शफल अलाँग' हें आपलें स्वतःचें संगीत नाटक न्यूयॉर्कांत गाजवून दाखविलें. त्यांचीं नांवें आज गर्श्विनच्या नांवाइतकीं किती जणांस ठाऊक आहेत? तात्पर्य, विसरण्याचें काम जग सर्वांच्या बाबतींत सारख्या निष्ठेनें करीत नाहीं; दुबळ्यांच्या बाबतींत तें अधिक चोख करतें.

गर्श्विन बंधूंची कथा याहून हृद्य. घरांत पियानो आला तो थोरल्या आयरासाठीं. पण त्यावर बसून वाजवूं लागला धाकटा जॉर्ज, आणि आयरानें सुटकेचा निःश्वास टाकला. पुढें जॉर्ज चाली बांधूं लागला आणि आयरा शब्द लिहूं लागला. भावाच्या कीर्तीवर आपण चढलों असें कोणी म्हणूं नये म्हणून आयरानें आरंभीं आपलें नांव लपविलें आणि दुसऱ्या दोन भावंडांचीं नांवें जोडून 'आर्थर फ्रान्सिस' असें टोपणनांव घेतलें. १९३१ च्या 'ऑफ दी आय सिंग' या राजकीय विनोदाच्या नाटकाला १९३२ चें पुलित्झर पारितोषिक मिळालें. तें दोघां नाटककारांना आणि आयराला. पारितोषिक वाङ्मयाचें असल्यामुळें जॉर्जचें नांव त्यांत नव्हतें. जगानें एरव्हीं ज्याला मागें ठेवलें होतें त्याला एकदां पुढें केलें, आणि तेंही दुसऱ्याला वगळून! ११ जुलै १९३७ रोजीं मेंदूंतील गांठीनें जॉर्ज गेला. वय अवघें अडतीस. त्याची शेवटची चाल शब्दांवांचून राहिली होती. आयरानें ती पुरी केली. प्रेम चिरकाल टिकणारें आहे अशा अर्थाचें तें गीत लोक प्रियकर-प्रेयसीचें म्हणून ऐकतात. पण मेलेल्या भावाचे स्वर समोर ठेवून त्याखालीं एकेक शब्द बसविणारा मनुष्य डोळ्यांसमोर आणला म्हणजे त्याचा अर्थ कांहीं निराळाच होतो. आयरा त्यानंतर शेहेचाळीस वर्षें जगला.

आयराचाच एक वर्गबंधु यिप हार्बर्ग. त्याचा विजेच्या उपकरणांचा धंदा १९२९ च्या मंदींत बुडाला, म्हणून तो गीतांकडे वळला. रेल्वे बांधणारा, मनोरे उभारणारा, लढाईवर गेलेला मनुष्य आतां रस्त्यांत उभा राहून दहा सेंटांचें नाणें मागतो आहे, असें एक गीत त्यानें १९३२ मध्यें लिहिलें. तें एवढें परिणामकारक कां झालें याचें अर्धें कारण त्याच्या चालींत आहे. जे गॉर्नी या संगीतकारानें लहानपणीं ऐकलेल्या एका रशियन अंगाईवरून ती बांधली होती. भिक्षेकऱ्याच्या तोंडीं अंगाईची चाल! याच हार्बर्गनें १९३९ मध्यें हॅरोल्ड आर्लेनच्या चालीवर 'ओव्हर द रेनबो' लिहिलें. खासगी प्रयोगानंतर तें बोलपटांतून कापून टाकलें जाणार होतें. तें वांचलें आणि अमर झालें. पण कोणाचें म्हणून? ज्यूडी गार्लंडचें म्हणून. पुढें १९५० नंतरच्या दशकांत राजकीय मतांसाठीं हार्बर्गला हॉलिवुडचीं दारें बंद झालीं. त्याचीं गीतें घरोघर गाइलीं जात होतीं आणि तो मात्र बोलपटांच्या कचेऱ्यांत नकोसा झाला होता.

जोडी तुटण्याची सर्वांत करुण कथा रॉजर्स आणि लॉरेन्झ हार्ट यांची. दोघे १९१९ मध्यें भेटले. हार्ट बुटका, बुद्धीनें तल्लख, यमकांचा बादशहा, आणि मद्यासक्त. त्याच्या जोडींत चाल आधीं आणि शब्द मागाहून. चोवीस वर्षें हा संसार चालला. शेवटीं एका ग्रामीण कथेवर नाटक करावें असें रॉजर्सनें सुचविलें, तेव्हां हार्टचें मन त्यांत लागेना. रॉजर्स हॅमरस्टाइनकडे गेला. येथें क्रम उलटला: हॅमरस्टाइन शब्द आधीं लिही. पहिल्याच गीताला त्याला तीन आठवडे लागले आणि रॉजर्सनें चाल दहा मिनिटांत बांधली, असें सांगतात. ३१ मार्च १९४३ रोजीं 'ओक्लाहोमा!' रंगभूमीवर आलें आणि त्याचे २,२१२ प्रयोग झाले. पहिल्या प्रयोगास हार्ट प्रेक्षकांत होता. आणि त्यानें मनापासून वाहवा केली. आठ महिन्यांच्या आंत, २२ नोव्हेंबर १९४३ रोजीं, फुप्फुसाच्या दाहानें तो गेला. आपल्या जागीं दुसरा बसलेला पाहून टाळी वाजविणें ही गोष्ट सोपी नव्हे. आणि त्या यशाच्या शिखरावर हॅमरस्टाइननें काय केलें? नाटकधंद्याच्या एका वर्तमानपत्रांत पैसे भरून जाहिरात दिली आणि तींत आपल्या पूर्वीच्या पडलेल्या नाटकांची यादी छापून, हें आपण पूर्वीं केलें आहे आणि पुन्हांही करूं शकूं, असें वर लिहिलें! यशाचें श्रेय नम्रतेनें घेणें यापेक्षां वेगळें काय असावें?

आतां आमच्या व्रणाकडे येतों. फार वर्षांपूर्वीं आम्ही एका गांवच्या शाळेंत शिक्षक होतों. कचेरींतील आमचे एक स्नेही पेटी उत्तम वाजवीत. एका सायंकाळीं त्यांनीं एक चाल वाजवून दाखविली आणि म्हणाले, "मास्तर, हिला शब्द द्या. संमेलनांत मुलांकडून म्हणवूं." आम्हीं शब्द दिले. चाल आधीं आणि शब्द मागून. गाणें मुलांना इतकें आवडलें कीं, तें दर संमेलनांत होऊं लागलें. शाळेच्या वार्षिक अंकांत छापतांना संपादकानें विचारलें, "चालीखालीं कोणाचें नांव घालावयाचें का?" आम्हीं म्हटलें, "गाण्याला कवीचें नांव पुरे. चालीला नांव कशाला?" अंक स्नेह्यांच्या हातीं पडला. त्यांनीं तो पाहिला, मिटला आणि म्हणाले, "छान छापलंय." त्यानंतरही ते दरवर्षीं पेटीवर बसत आणि टाळ्या आम्ही घेत असूं. ते गेले तेव्हां शोकसभेंत मुलांनीं तेंच गाणें म्हटलें. अध्यक्षांनीं उठून आमच्या कवित्वाची स्तुति केली. आम्ही पहिल्या रांगेंत बसलों होतों. उठून एक वाक्य बोलावयाचें होतें. आम्ही उठलों नाहीं.

जग गीतकाराला विसरतें अशी तक्रार करणाऱ्या आम्ही कवींनीं हातीं सत्ता येतांच काय केलें, हें यावरून दिसेल. कालिदासानें शिवपार्वतींचें ऐक्य सांगण्यासाठीं शब्द आणि अर्थ यांच्या ऐक्याचा दाखला घेतला. शब्द आणि चाल यांचेंही तसेंच ऐक्य आहे. गाणें म्हणणारानें तीं वेगळीं करूं नयेत हें योग्यच. धनगरांचें लोकगीत समजून कोणी 'एडेलवाइस' गाइलें तर गाण्याचें कांहीं बिघडत नाहीं. परंतु गाणाराचें विसरणें निराळें आणि भागीदाराचें विसरणें निराळें. पहिलें प्रेमापोटीं घडतें, दुसरें लोभापोटीं. आयरानें स्वतःचें नांव लपविलें तें भावासाठीं. आम्हीं स्नेह्यांचें लपविलें तें स्वतःसाठीं.

नातीनें चूक दाखविल्यानंतर आम्हीं स्नेह्यांच्या कन्येस पत्र लिहून सारी हकीकत कळविली आणि या लेखांत त्यांचें नांव छापण्याची परवानगी मागितली. तिचें उत्तर चार ओळींचें होतें. बाबांना छापील नांवाची हौस नव्हती, लेखांत तें नको. तें गाणें अजून शाळेंत म्हणतात असें ऐकतें, तेथें म्हणण्यापूर्वीं एकदां सांगितलें तर बरें, असें तिनें लिहिलें होतें. तिचें म्हणणें आम्हांस पटलें. जेथें तें नांव न उच्चारण्याचें पाप घडलें, तेथेंच तें उच्चारलें जाणें न्यायाचें. शाळेस पत्र गेलें, होकार आला. येत्या संमेलनास आम्ही जाणार आहों. उभें राहून सांगावयाचें वाक्य लहानच आहे: चाल त्यांची, बोल आमचे, आणि चाल आधीं झाली. नात बरोबर येणार आहे. आम्हीं त्यांत कांहीं चूक केली तर ती सांगेलच.